जुनं सागवानी दार: दुरुस्त करावं की नवं बसवावं?

ढाळज

मंडळी, अनुभवी लोकांचा सल्ला पाहिजे. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. घर पणजोबांच्या वेळचं, दगड-मातीचं. माळवद (लाकडावरचं मातीचं सपाट छत) उतरवून पत्रे घातले, मागं दोन खोल्या आरसीसीत काढल्या, पण पुढची भिंत, ढाळज (दारातून आत आल्यावरची ओसरी) आणि दार जुनंच आहे. दार दोन कवाडांचं, सागवानी. चौकट चांगली जाडजूड, वर गणपती कोरलेली गणेशपट्टी, आतून अडणा (दार अडवायचा आडवा दांडा) सरकवायला भिंतीत खोबण.

आता तक्रारी. चौकटीची डावी बाजू खाली पोकळ लागते. उजव्या कवाडाची खालची फळी सुटलीय. उंबरा मधोमध झिजून खोलगट झालाय. पावसाळ्यात दार खाली घासतं, आईला ओढून लावता येत नाही. वरून ऑइल पेंटचे किती थर आहेत देव जाणे.

धाकटा भाऊ म्हणतो ग्रॅनाइटची चौकट आणि लोखंडी दार बसवू, आई-वडील दोघंच राहतात. चुलते म्हणतात विकून टाका, जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे. आई म्हणते माझ्या हयातीत दार हलवायचं नाही. गावातल्या सुतारानं उभ्या उभ्या बघितलं आणि "नवंच करा" म्हणाला. मला ठेवायचंय, पण नुसता जीव गुंतलाय म्हणून पैसे घालायचे नाहीत. दार ठेवण्यालायक आहे का, हे ठरवायचं कसं?

मांजराकाठ

फोटो टाका ना भाऊ. आणि एक सांगा, दारासमोरचा रस्ता सिमेंटचा झालाय का? झाला असेल तर उंबऱ्याच्या मानानं किती वर आलाय?

परभणीकर

ठेवा. तसलं लाकूड आता पैसे देऊनबी भेटत नाही.

शांताई

माझं मत वेगळं आहे. आमच्या जालन्याच्या घराचं दार असंच होतं. सासूबाई वॉकर घेऊन चालायला लागल्या आणि तो उंच उंबरा त्यांना ओलांडता येईना. अंगणात जायचं तर दोघांनी धरायचं. शेवटी चौकट काढली, उंबरा जमिनीबरोबर घेतला, लोखंडी दार बसवलं. त्यानंतर त्या रोज सकाळी एकट्या तुळशीपाशी जाऊन बसायच्या. दार सुंदर होतं, मान्य. पण म्हाताऱ्या माणसाच्या पायाला आणि हाताला काय झेपतं ते आधी बघावं. आईला दार ओढवत नाही, हे तुम्ही तक्रारींत शेवटी शेवटी लिहिलंय. मी ते सगळ्यात वर लिहिलं असतं.

रंधा

मी उदगीरचा, घरात सुतारकी आजोबांपासून. "नवंच करा" म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. नव्या दाराचं माप घेतलं की काम दुकानात बसून होतं. दुरुस्ती म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात उन्हात बसून एका सांध्यावर दिवस घालवायचा, आणि वर ऐकायचं की एवढे पैसे कशाचे. म्हणून लोक टाळतात.

बघायचं कसं ते सांगतो. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या. चौकटीला खालून वर चार-चार बोटांवर टोचत जा. पोकळ लाकूड टोक भसकन आत घेतं, चांगलं सागवान घेतच नाही. जिथं टोक अडायला लागेल तिथं खडूची रेघ मारा. रेघ उंबऱ्यापासून हातभराच्या आत आली तर चौकट वाचते, तेवढाच भाग कापून नवा जोड देता येतो. वर बिजागरीपर्यंत पोकळ असेल, किंवा गणेशपट्टीच्या सांध्यात टोक शिरत असेल, तर मग बदलायचा विचार करा.

दुसरं, लाकूड खाल्लं कोणी? मातीच्या नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसल्या तर वाळवी. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर घुण. वाळवी जमिनीतून येते, म्हणून औषध जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी घालायचं. घुण लाकडातच असतो, त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी, तेही रंग काढलेल्या उघड्या लाकडाला पाजायचं.

सागवान आहे म्हणजे काही होत नाही, असं समजू नका. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, त्यातलं तेल तिला सोसत नाही. बाहेरचं पांढरट लाकूड मात्र आवडीनं खाते. जुन्या कामात बहुतेक गाभाच वापरलेला असतो. तो गाभाही सतत ओलीत राहिला की कुजतो. तुमच्या दाराला पाणी कुठून लागतं ते शोधा.

बीडची_बयो

पोकळीत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून भरलं तर चालतं का? आमच्या खिडकीला तसंच केलंय.

रंधा

ताई, खिडकीच्या बारीक चिरेला चालतं. चौकटीच्या पायाला नाही, तिथं वजन आहे. आणि कुणी सिमेंट भरायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. सिमेंट पाणी धरून ठेवतं, आजूबाजूचं चांगलं लाकूडही दोन-चार पावसाळ्यांत जातं.

ढाळज

रविवारी गावी जाऊन टोचून आलो. डावी बाजू वीतभर पोकळ, उजवी चार बोटं. त्याच्या वर टोक जात नाही. गणेशपट्टीचे सांधे पक्के. डाव्या कोपऱ्यात मातीच्या नळ्या आहेत, भुसा कुठं नाही.

मांजराकाठ, तुम्ही रस्त्याचं नेमकं विचारलंत. जुना रस्ता न उकरता वरच नवा ओतलाय. आता तो उंबऱ्याच्या वरच्या कडेला आलाय. पाऊस झाला की पाणी दारातच थांबतं.

शांताई, तुमचं वाचून आईशी नीट बोललो. ती म्हणते, उंबऱ्याचा मला त्रास नाही, दार घासतं तेवढं बघ.

मांजराकाठ

मी लातूरला बांधकामाच्याच धंद्यात आहे. आता चित्र स्पष्ट झालं. पाण्याची वाट केल्याशिवाय दारावर एक रुपयाही घालू नका. नवं बसवलंत तरी ते त्याच पाण्यात उभं राहणार. ग्रॅनाइट कुजणार नाही, पण ओल शेजारच्या भिंतीत चढेल, आणि तुमची भिंत मातीत रचलेली आहे. दारासमोर आडवी नाली काढा, वर लोखंडी जाळी, उतार गावाच्या गटारीकडं. भिंतीच्या बुडाला सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर तो काढून चुन्याचा करा, म्हणजे आतली ओल बाहेर पडायला वाट राहील.

आता चौकट काढण्याबद्दल. आरसीसीच्या घरात चौकट दोन भिंतींमध्ये नुसती अडकवलेली असते. दगड-मातीच्या घरात दारावरची लाकडी तुळई, आणि पुष्कळदा खुद्द चौकट, वरच्या दगडांचा भार घेऊन उभी असते. ती हिसका देऊन काढली की माती सुटते, दगड सरकतात. ग्रॅनाइटच्या पातळ पट्ट्या तो भार घ्यायला केलेल्या नसतात, वर वेगळं लिंटल (दारावरची भार घेणारी आडवी तुळई) टाकावंच लागतं. तो खर्च तुमच्या भावाच्या कोटेशनमध्ये धरलाय का, बघा. काढायचीच वेळ आली तर आधी दोन्ही बाजूंनी टेकू आणि इंजिनिअर समोर उभा. एकट्या गवंड्याच्या भरवशावर नको.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हेच दिसलं. जाड भिंती दोन पदरांच्या, मध्ये भर, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. पदर सुटले, भिंती कोसळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या घरांत खांब-तुळयांचे खण होते, त्यांतल्या बऱ्याच घरांचा लाकडी सांगाडा उभा राहिला.

औसेकर

किल्लारीचं नाव निघालं म्हणून लिहूलालो. आमचं गाव औसा तालुक्यातच. गणपती विसर्जनाची रात्र, लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या आधी धरणी हलली. आमचं घर पडलं नाही, पण भिंत फाटली आणि चौकट तिरकी झाली. वडील दार ओढायलेत आणि कवाड हलेना. मागच्या खिडकीचे गज वाकवून बाहेर निघालो. नंतर गावोगाव लोकांनी माळवदं उतरवली, लाकूड ट्रकनं गेलं, त्यात लै चांगली दारं गेली. कुणाला दोष नाही, त्या वेळी लाकडाकडं बघूनबी धडकी भरायची.

म्हणून एवढंच सांगतो, दार नवं असू द्या की जुनं, म्हाताऱ्या माणसाला अंधारात एका हातानं उघडलं पाहिजे.

शांताई

औसेकर, हेच मला म्हणायचं होतं.

गोदातीर

विकण्याच्या विषयावर बोलतो. मी पैठणचा. आमच्याकडं जुन्या वाड्यांचं कोरीव लाकूडकाम बघायला लोक लांबून येतात, आणि त्यांच्यामागं घेणारेही येतात. घेणारा कधी घनफूट काढत नाही, उक्तं मोल करतो. आपण आधी काढावं.

समजा चौकट साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, लाकूड ६ बाय ५ इंच. उंबऱ्यासकट लांबी २१ फूट, म्हणजे जवळजवळ ४.४ घनफूट. कवाडं मिळून ६ बाय साडेतीन फूट, जाडी दीड इंच धरली तर आणखी २.६. झाले ७ घनफूट पक्कं मुरलेलं सागवान. आज बाजारात सागाची चौकट घ्याल ती ५ बाय ३ इंचाची. तेवढ्याच २१ फुटांत जेमतेम २.२ घनफूट, म्हणजे तुमच्या चौकटीच्या निम्मं. तुमचं माप घ्या, वखारीतला आजचा सागाचा दर लावा आणि तो आकडा चुलत्यांना दाखवा. एवढं करून विकावंसं वाटलं तर खुशाल विका, पण आकडा माहीत असू द्या.

नांदेडचा_पाहुणा

आमच्या बांधावर साग उभे आहेत. तोडून दार केलं तर फुकटात होईल असं आमचे बंधू म्हणूलालेत. जमतं का?

रंधा

पाहुणे, स्वतःच्या रानातला असला तरी साग १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यातल्या यादीत आहे. आधी वन खात्याची परवानगी, मग वाहतुकीचा पास. शिवाय पंधरा-वीस वर्षांच्या झाडात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त. कापून लगेच दार केलं तर उन्हाळ्यात फळ्यांमधून बाहेरचा माणूस दिसेल. चिरून, मध्ये पट्ट्या देऊन, सावलीत चांगलं सुकू द्यावं लागतं.

बीडची_बयो

ग्रॅनाइटवाल्यांना माझा एकच प्रश्न. खिळा कुठं मारायचा? दसऱ्याला आमच्या जाऊबाईंनी तोरण सेलोटेपनं चिकटवलं. आपट्याची पानं द्यायला पाहुणे आले आणि तोरण पहिल्याच पाहुण्याच्या गळ्यात. त्यांना वाटलं सत्कार आहे!

शांताई

😄 आम्ही चिकटवायचे हूक लावलेत. तोरण अजून जागेवर आहे.

रंगारी

रंगाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडं घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार. म्हणून ग्राइंडरला सँडपेपर लावून धुरळा उडवू नका, ज्योतीनं जाळू नका. रिमूव्हर लावून पत्रीनं खरवडा, पॉलिश पेपर ओला करून मारा, तोंडाला साधा रुमाल नको, चांगला मास्क पाहिजे. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत तिथं नकोत. खरवड गोळा करून पिशवीत बांधा, अंगणात झाडू नका.

रंग निघाल्यावर लगेच वॉर्निश मारायची घाई नको. जवसाचं तेल, दुकानात डबल बॉईल म्हणून मिळतं ते, पातळ हात देऊन सुकू द्या, मग दुसरा हात. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवा. हे लै जणांना माहीत नसतं.

धाकटा_भाऊ

दादानं लिंक पाठवली म्हणून आलो. ग्रॅनाइटचा हट्ट माझा, तर माझीही बाजू ऐका. शेजारच्या गावात दुपारच्या वेळी चोरी झाली, घरात फक्त आजीबाई. आमच्या दाराला बाहेरून एक कडी-कोयंडा, आतून अडणा. आई रात्री अडणा सरकवते, पण दिवसभर दार सताड उघडं. मी पुण्यात, दादा संभाजीनगरला. रात्री फोन उचलला नाही तर झोप येत नाही. मला लाकडाचं वाकडं नाही, मला कुलूप पाहिजे.

मांजराकाठ

भाऊ, तुमची काळजी रास्त आहे आणि तुम्ही तिचं उत्तरही लिहून टाकलंय. दिवसभर दार उघडं असतं. मग लोखंडी दार बसवलं तरी तेही उघडंच राहणार, कारण बंद केलं की ढाळजेत वारा नाही आणि उजेडही नाही. त्यापेक्षा ढाळज जिथं संपते तिथं आतून जाळीचं लोखंडी दार बसवा, चांगल्या लॉकचं. दिवसा लाकडी दार उघडं, जाळी बंद. आलेला माणूस दिसतो, बोलता येतं, आत येत नाही. ते वेगळ्या लोखंडी चौकटीवर जमिनीत आणि आतल्या खांबांना धरून बसतं, जुन्या भिंतीला हात लावावा लागत नाही.

परभणीकर

हे बेस्ट. आमच्याकडं असंच आहे. मांजरबी बाहेर राहते.

रंधा

भावाभावांचं जमतंय तोवर घासणाऱ्या दाराचं सांगतो, कारण आईची तक्रार तीच आहे. ढाळज, तुमची कवाडं बिजागरीवर आहेत की वर-खाली खुंटावर फिरतात? जुनी दारं पुष्कळदा खुंटावर असतात, खालचा खुंट दगडाच्या किंवा लाकडाच्या खळग्यात फिरतो. वर्षानुवर्षं फिरून खुंट आणि खळगा दोन्ही झिजतात, कवाड खाली बसतं आणि घासतं. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं. लोक काय करतात, श्रावणात सुतार बोलावून खालून रंधा मारतात. मग उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि खालून उंदीर जाईल एवढी फट पडते. कवाड उचलून खळग्यात पितळेची जाड चकती टाका, थोडं ग्रीस. रंधा न मारता दार वर येईल.

ढाळज

खुंटावरच आहेत! खालचा खळगा दगडात आहे. याचा खर्च तर काहीच नाही.

रंधा

पहिलं तेच करा. आई उद्यापासून दार लावायला लागल्या पाहिजेत.

चौकटीचा जोड मात्र पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर. कुजलेला भाग रेघेच्या चार बोटं वरून कापायचा, कापा सरळ नको, तिरका. जोडाची लांबी लाकडाच्या जाडीच्या दुप्पट तरी धरा. तुकडा जुन्याच सागवानाचा, कुठं वाडा उतरवायलेत तिथं मिळेल. आरपार लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेसचे बोल्ट. आणि पाय मातीत पुरायचा नाही. खाली काळ्या दगडाचा ठोकळा, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी फेल्ट. कापताना वरचा भार टेकूवर घ्या, मांजराकाठ म्हणाले तसं, आणि एका वेळी एकच बाजू.

ढाळज

आमचं फोनवर बोलणं झालं. चौकट आणि कवाडं ठेवायची. जाळीच्या दाराचा खर्च भाऊ करतोय, नाली आणि जोडकाम माझ्याकडं. चुलत्यांना घनफुटाचा आकडा पाठवला. ते म्हणाले, मग गणेशपट्टीला तेलाचा चांगला हात मारून घ्या.

दोन गोष्टी अजून अडल्यात. वाळवीचं औषध किती आणि कसं? मागं एका कंपनीचा माणूस नुसता भिंतीवर फवारा मारून गेला होता. आणि उंबरा नवा घालावा की झिजलेलाच ठेवावा?

मांजराकाठ

क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात कालवायचं दाट औषध), एक लिटरला १९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण होतं. भिंत आणि जमीन मिळतात तिथं आतून-बाहेरून फूट-फूट अंतरावर तिरकी छिद्रं घेऊन त्यात सोडायचं, मग छिद्रं बुजवायची. परवाना असलेल्याकडूनच करून घ्या आणि समोर उभं राहून छिद्रं पाडून घ्या. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर आधी सांगा. आई-वडिलांना त्या दिवशी मागच्या खोल्यांत राहू द्या. आणि हे नालीच्या कामानंतर, नाहीतर खोदताना औषधाची माती उकरली जाईल.

शांताई

उंबऱ्याचं मी सांगते. आज आईंना त्रास नाही, पण पुढचं बघा. रस्ता बाहेरून वर आलाच आहे, त्यामुळं आतल्या बाजूनंच चढ लागेल. आत लाकडी उतरती फळी ठेवता येईल अशी जागा आत्ताच सोडा, भिंतीला धरायला एक दांडा लावा. गरज पडेल तेव्हा फळी टाकायची, एरवी काढून ठेवायची.

रंधा

शांताईंशी सहमत. झिजलेला उंबरा टोचून बघा. टणक असेल तर राहू द्या, पायाला झिजलेल्या ठिकाणी ओलांडायला उलट सोपं जातं. खालून मऊ लागला तर बाभळीचा नको, सागाचाच घाला. आणि ढाळज, जोडाला लाकूड मिळालं की कापायच्या आधी फोटो टाका, गाभा आहे की पांढरं ते बघून सांगतो.